ईर्याची रेघ

“काळा नको, पांढरा घे. काळ्यात श्वास दिसत नाही.”

फोनमधून शीतलचा आवाज जरा मोठाच आला आणि राउटरच्या त्या दुकानातल्या दोघातिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच हसले आणि आवाज कमी केला.

माझा नवरा, शीतल, तेव्हा इथिओपियात एका कापडगिरणीत एअरजेट माग बसवत होता. मी इचलकरंजीत, दुकानाच्या काउंटरशी. आणि आमची मुलगी सांगलीच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. सातव्या महिन्यातच आलेली, दोन तळहातांवर मावेल एवढी. तिला घरी आणायच्या आधी घर तयार करायचं होतं. आणि आताशा घर तयार करणं म्हणजे दुपटी शिवायची, टाळूला घालायचं तेल आणून ठेवायचं आणि नीट बघून राउटर निवडायचा.

“वहिनी, साहेब बरोबर सांगतायत,” दुकानदार म्हणाला. “हा तीन डब्यांचा संच. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक बाळाच्या खोलीत. नेट तर घरभर पळेलच. वर बाळाच्या श्वासाची रेघ तुमच्या फोनवर, साहेबांच्या फोनवर आणि डॉक्टरांकडे. एकाच वेळी.”

“बाळाच्या अंगाला काही लावायचं?”

“काही नाही. हवेतनंच.”

हे हवेतनंच कसं होतं ते मला त्याच्यापेक्षा जरा जास्त माहीत होतं, कारण मी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. राउटरच्या लहरी खोलीत सगळीकडे पसरतात. काही सरळ जातात, काही भिंतीवर, कपाटावर, माणसांवर आपटून परत फिरतात आणि शेवटी सगळ्या मिळून दुसऱ्या डब्याकडे पोचतात. भरलेल्या बादलीत कुठेही बोट बुडवलं तरी काठावर तरंग पोचतो, तसंच. खोलीत झोपलेल्या बाळाची छाती एखाद्या नाण्याच्या जाडीएवढी वर आली तरी लहरींची ती बेरीज किंचित बदलते. जुने राउटर हा बदल कचरा म्हणून फेकून द्यायचे. नव्या पिढीच्या राउटरांनी तो कचरा वाचायला सुरुवात केली. पंख्याचा वेग वेगळा, पडद्याची झुळूक वेगळी, चालणारं माणूस वेगळं. हे सगळं वजा करत गेलं की तळाशी एक बारीक, संथ, पुन्हापुन्हा येणारी हालचाल उरते. तोच श्वास.

आमच्या मुलीला, ईर्याला, नेमका त्याचाच त्रास होता. डॉक्टर म्हणाले होते, “एवढ्या लवकर आलेल्या बाळांचा मेंदू कधीकधी श्वास घ्यायला विसरतो. तळव्याला टिचकी मारली की त्याला आठवतं.” विसरू नये म्हणून तिला रोज थेंबांचं औषध होतं. पूर्वी ते दवाखान्यातच हळूहळू थांबवायचे, त्यासाठी बाळाला आठवडेच्या आठवडे तिथे ठेवायचे. आता घरच्या राउटरची रेघ बघून थांबवतात.

मी पांढरा संच घेतला.

*

ईर्या घरी आली आणि पहिल्या दिवसापासून तो डबा बोंबलायला लागला.

आमचं घर म्हणजे खाली शेजाऱ्यांचे माग, वर आम्ही. माग चालू झाले की मांडणीवरची ताटं किणकिणतात. मी डबा लोखंडी कपाटावर ठेवला होता. कपाट थरथरायचं, त्यावर डबा थरथरायचा आणि फोनवरची रेघ भुईचक्रासारखी फिरायची. डबा भिंतीवर लावला. मग पाण्याचं पिंप मध्ये आलं. पाणी लहरी पिऊन टाकतं. पिंप हलवलं. मग पंखा. पंखा बंद केला तर बाळाला घाम. स्वयंपाकघरातला डबा खिडकीत सरकवला, चॅनेल बदलला, शेजारच्या तीन वायफायांपासून आमचा लांब नेला. मांडीवर दूध पिणारी मुलगी आणि हातात फोन. दिवसातून किती वेळा मी स्टुलावर चढत-उतरत होते देव जाणे.

रेघ लाल झाली की भोंगा वाजायचा. मी धावत जायची. ईर्या मुठी आवळून झोपलेली असायची, मजेत. आणि माझ्या मागोमाग इथिओपियातून फोन.

“काय झालं?”

“काही नाही. पडदा हलला.”

“नक्की? हात लावून बघितलंस?”

“बघितलं रे.”

“परत बघ.”

माझ्या सासूबाई हे सगळं दारात उभ्या राहून बघायच्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं सगळं आयुष्य मागाच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे बोलणंही मोठ्यानं. “शीतल बारका असताना त्येचा श्वास मोजायला कोण बसलं हुतं?” त्या म्हणायच्या. “खटखटीत तो रडतोय का हसतोय ह्येच कळायचं न्हाई. अन् आता बघा. पोरगी निवांत, अन् चार मोठी माणसं घामाघूम.”

“चार कुठे, आपण तीनच,” मी म्हणायची.

“चौथा तुझा डबा.”

एक अडचण मात्र राहिलीच. खोलीत बाळाखेरीज दुसरं कुणी बसलं की रेघ यायचीच नाही. मोठ्या माणसाची छाती मोठी. तिच्या हालचालीत बाळाची बुडून जायची. पडद्यावर यायचं, ‘एकापेक्षा जास्त व्यक्ती. वाचन नाही.’ रात्री मी ईर्याच्या शेजारी, तिच्या पोटावर हात ठेवून झोपायची, त्यामुळे रात्री रेघ नव्हतीच. दिवसा ती तिच्या झोळीत झोपायची. छताच्या कडीला बांधलेली, आत्यांच्या मऊ झालेल्या इरकली लुगड्याची झोळी. आम्ही तिला निजवून बाहेर यायचो आणि दार अर्धवट लोटायचो, मग ती रेघ सुरू व्हायची.

अॅप सुरुवातीचे काही आठवडे शिकत असतं. बाळाचा श्वास कुठला, ते त्याला आपणच सांगायचं. मधूनच ते विचारायचं, ‘बाळ शांत झोपलं आहे का?’ आपण आत डोकावायचं आणि ‘हो’ दाबायचं. त्या वेळी जी लय चालू असेल ती ते लक्षात ठेवतं. हे काम मी आत्यांना शिकवलं होतं. हिरवं बटण म्हणजे हो. त्यांना ते फार आवडलं. “मला कुणीतरी काईतरी विचारतंय या घरात,” म्हणाल्या.

आणि मग एका दुपारपासून रेघ सुधारली.

अशी सुधारली, की मी बघतच राहिले. लाल नाही, पिवळी नाही. हिरवीगार, एकसारखी, वर-खाली, वर-खाली. मिनिटाला सेहेचाळीस. मला वाटलं, माझ्या खटपटीला यश आलं. खिडकीतल्या डब्यानंच केलं बहुतेक. मी शीतलला डब्यांच्या जागांचा नकाशा काढून पाठवला आणि त्यानं तो तिथल्या दोघा सहकाऱ्यांना दाखवला. त्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको कितीतरी दिवसांनी बाळाच्या श्वासाखेरीज दुसऱ्या कशावर बोललो. तो म्हणाला, “काल सलग झोपलो मी. उठलो, रेघ बघितली, परत झोपलो.”

डॉक्टरांनी सांगलीहून रेघ पाहिली. दोन आठवड्यांची, दिवसाची, एकही खंड नसलेली. “उत्तम,” म्हणाले. “थेंब थांबवू या.”

तंत्रनिकेतनात मी तासिका तत्त्वावर आहे. जितके तास तितका पगार, आणि रजा म्हणजे कुणीतरी दुसरं माझ्या जागी उभं. रेघ हिरवी झाली म्हणून मी परत रुजू झाले. निघताना ईर्याला आत्यांच्या हातात दिलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “जा बिनघोर. रेघ हाय की.”

*

मी बिनघोर नव्हते.

का ते सांगता येत नव्हतं. वर्गात फळ्याकडे वळले की पाठीमागे टेबलावर ठेवलेला फोन मला दिसल्यासारखा वाटायचा. दोन वाक्यांच्या मध्ये वळून बघायची. सेहेचाळीस. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मॅच आहे का?” सगळे हसले, मीही हसले. सेहेचाळीस. मधल्या सुटीत सेहेचाळीस. खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण रात्री माझ्या तळहाताखाली ईर्याचं पोट असं हलत नव्हतं. ते चार-पाचदा भराभर हलायचं, मग थांबून जणू विचार करायचं, मग एक मोठा सुस्कारा, मग परत भराभर. माझ्या हाताला माहीत असलेली मुलगी आणि फोनमधली मुलगी, या दोघी एक वाटत नव्हत्या. शीतलला बोलले तर म्हणाला, “रात्री हाताचं वजन पडत असेल तिच्यावर. दिवसा मोकळी असते.” मला ते पटलं. पटवून घेतलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत साध्या दोलकाचा प्रयोग होता. दोऱ्याला लोखंडी गोळा टांगायचा, हलकेच सोडायचा, झोके मोजायचे. पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी एकच चूक करतात आणि दरवर्षी मी एकच वाक्य बोलते. अनघा नावाच्या मुलीचं उत्तर दुप्पट आलं होतं. ती माझ्याशी हुज्जत घालत होती.

“मॅडम, बरोबर मोजलंय मी. गोळा मधून गेला की एक, मधून गेला की एक.”

“अगं, एका झोक्यात तो मधून दोनदा जातो. एकदा जाताना, एकदा येताना. तू दोन्ही मोजलेस. म्हणून दुप्पट.”

“पण मला कसं कळणार जाताना का येताना? मला तर फक्त काहीतरी गेलेलं दिसतं.”

“मग तू राउटर आहेस,” मी गमतीनं म्हणाले.

आणि तिथेच थांबले.

झोळी. छताच्या कडीपासून बाळापर्यंत माझ्या उंचीपेक्षा थोडी जास्त. लांबी कळली की झोक्याचा वेळ कळतो, त्याला आत कोण झोपलंय याच्याशी देणंघेणं नसतं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मी अनघाच्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला. मिनिटाला तेवीस झोके. राउटरला जाताना आणि येताना यातला फरक कळत नाही. खोलीच्या मधून काहीतरी गेलं, इतकंच त्याला कळतं. तेविसाची दुप्पट.

फोनवर सेहेचाळीस. हिरवीगार रेघ, वर-खाली.

ईर्याला निजवून किती तरी वेळ झाला होता. झोपल्यावर झोळी थांबते. थांबायला हवी होती.

मी आत्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, स्पीकरवर टाकला, कारण पडद्यावर ती रेघ मला बघायची होती आणि बघवतही नव्हती.

“काय गं, तास न्हाई का तुला?”

“आत्या, झोळी थांबवा.”

“आं?”

“तुम्ही झोका देताय ना? आत्ता?”

“देतीय की. हितं बाहेर बसूनच देतीय, खोलीत न्हाई. दोरी लांब केलीय अन् अंगठ्याला अडकवलीय. रेघ बघ, कशी छान—”

“ती रेघ तुमच्या पायाची आहे आत्या! आत जा. तिच्या पोटावर हात ठेवा.”

प्रयोगशाळेत सगळे गोळे हलता हलता थांबले होते. फोनमधून ताट बाजूला सारल्याचा आवाज, घाईची पावलं. मग काहीच नाही. खालच्या मागांची खटखट तेवढी.

“आत्या?”

“ऊब हाय अंगाला.”

“पोट हलतंय का?”

“प्रांजल... ओठ काळपट दिसाय लागलेत गं.”

“बाहेर काढा तिला. पलंगावर उताणी ठेवा. तळव्याला टिचकी मारा.”

“हां.”

“मारलीत?”

“मारली.”

“परत. जोरात. आत्या, लागू दे तिला! जोरात मारा!”

पडद्यावर रेघ अजून हिरवीच होती. झोळी रिकामी झाली होती, बाळ पलंगावर होतं, तरी हिरवी. कारण ते यंत्र मागच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी काढून मग बोलतं. मी त्या रेघेकडे बघत उभी होते आणि फोनमध्ये आत्या तिला शिव्या देत होत्या. “उठ गं भवाने, उठ, आईला काय सांगू मी तुझ्या, उठ की, उठ—”

मग ईर्या रडली.

बारीक, चिडक्या आवाजात, कुणीतरी झोपमोड केल्यासारखी रडली. अनघानं तोंडावर हात घेतला. आणि ती रडली, हातपाय झाडायला लागली, नेमका त्याच क्षणी आमचा डबा जागा झाला. रेघ लाल झाली. भोंगा वाजला. आणि पाठोपाठ पडद्यावर इथिओपियाचा नंबर.

*

दवाखान्यात ईर्याला परत थेंब सुरू केले. तिच्या पायाला एक मऊ पट्टी बांधली, वायरवाली. ती रक्तातला प्राणवायू मोजते. डॉक्टरांनी ती जुनी रेघ माझ्यासमोर पुन्हा उघडली. मग म्हणाले, “मीसुद्धा तीच रेघ बघितली. एवढी सुरेख रेघ कुठल्याच बाळाची नसते, हे मला तरी सुचायला हवं होतं.”

“मग या दोन आठवड्यांत ती किती वेळा थांबली असेल?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

हे वाक्य मी आजही कुठे ठेवावं ते मला कळत नाही. त्या दोन आठवड्यांची सगळी रेघ फोनमध्ये आहे, तास न् तास. मी तिच्यावरून बोट फिरवते. त्यात माझी मुलगी कुठेच नाही. त्यात फक्त आत्यांचा पाय आहे. डाळ निवडताना, णमोकार मंत्र म्हणताना, भाजी चिरताना, मध्येच पेंगताना. रेघ जराशी सैल पडलीय तिथे त्यांना डुलकी लागली असणार. यंत्रानं विचारलं, बाळ शांत आहे का. त्यांनी झोका देता देता हिरवं बटण दाबलं. बाळ खरंच शांत होतं. यंत्र त्यातून शिकलं, की झोका म्हणजेच श्वास. ते खोटं बोललं नाही, आत्याही खोटं बोलल्या नाहीत.

दवाखान्याच्या बाकावर मी आत्यांना विचारलं, “दोरी कशाला लांब केलीत?”

“झोका थांबला की रेघ वाकडी व्हायची. झोका दिला की सरळ. मला वाटलं, पोरीला झोक्यात बरं वाटतंय, म्हणून श्वास नीट चालतोय.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “अन् रेघ वाकडी झाली की शीतलचा फोन. एकदा माझ्यापाशी रडला तो. तुला सांगू नको म्हणाला. मशीनवर चढला हुता, भोंगा वाजला तसा पाय घसरला म्हणे. थोडक्यात वाचला. मग मी म्हटलं, माझा पाय रिकामाच असतोय की दिवसभर.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. अजूनही मधूनच ओरडावंसं वाटतं.

शीतल मात्र ओरडला. फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा सुजलेला दिसत होता.

“आई, तू मला रोज तुझा पाय दाखवत होतीस?”

“तुझा जीव राहावा म्हणून रे.”

“माझा जीव! अगं तिचा जीव जाणार होता!”

आत्या उठल्या आणि जिन्याकडे निघून गेल्या. शीतल मला म्हणाला, “आपण दुसरा संच घेऊ. चार डब्यांचा. कॅमेरा लावू. आणि आईला त्या खोलीपासून लांब ठेव, प्रांजल. सरळ सांगतो.”

“त्या लांबच होत्या,” मी म्हणाले. “दाराबाहेर. तुझ्या रेघेला खोलीत दुसरं माणूस चालत नव्हतं म्हणून. जवळ असत्या तर ओठ दिसले असते.”

“मग काय करू मी? इथे बसून काय करू सांग!”

“नुसता बस. मी करते तसंच. मला तरी कुठे काय करता येतंय.”

तो म्हणाला, “करार मोडला तर सहा महिन्यांचं काम जातं.”

“ये म्हणत नाहीये मी. पण ही रेघ आता तुझ्याकडे येणार नाही. डॉक्टरांकडे जाईल, माझ्याकडे येईल. तुला मी स्वतः सांगेन. दिवसातून दोनदा, तोंडानं.”

“आणि मध्ये?”

“मध्ये तुला काही माहीत नसेल.”

त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी परत केला आणि फक्त इतकंच म्हणाला, “दोनदा नाही. तीनदा.”

*

ईर्या घरी आली. पायाला पट्टी. पट्टी लाथा मारून निसटते, दिवसातून किती तरी वेळा. म्हणून डॉक्टर म्हणाले राउटरही चालू ठेवा, पण शिकलेलं सगळं पुसून टाका आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवा. झोळी आत्यांनीच सोडली. मी सांगायच्या आधी. लुगडं घडी घालून माळ्यावर टाकलं, कडी तेवढी राहिली.

त्यानंतर आत्या त्या खोलीत आल्याच नाहीत. उंबऱ्यावर यायच्या, दुपटं आत सरकवायच्या आणि मागे फिरायच्या. ईर्या रडली तरी स्वयंपाकघरातून मला हाक मारायच्या. घ्या म्हटलं तर हात पुसत म्हणायच्या, “माझं हात वले हायत.” तंत्रनिकेतनातून दोनदा फोन आला. मी म्हणाले, कळवते. कुणाच्या भरवशावर कळवणार होते? पैसे देऊन बाई ठेवता आली असती. ती ईर्याच्या पोटाकडे बघत बसली असती का, मला माहीत नाही. आत्या बसल्या असत्या. आता तर पापणीही न लववता बसल्या असत्या. पण त्या खोलीत यायला तयार नव्हत्या, आणि त्या आल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नव्हते.

मी राउटरचं माहितीपत्रक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. एक सोय होती, आम्ही कधी न वापरलेली. बाळासोबत खोलीत बसणारं माणूस ठरलेलं असेल तर यंत्राला त्या माणसाचा श्वासही वेगळा शिकवता येतो. मोठ्या माणसाचा संथ, बाळाचा भराभर. दोन्ही एकदा ओळखीचे झाले की ते बेरजेतून दोघांना सुटं करतं. मग दोन रेघा दिसतात. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, “हे सुरुवातीलाच करायला हवं होतं.”

एका सकाळी, खाली मागांना सुट्टी होती तेव्हा, मी तिन्ही डब्यांतलं शिकलेलं पुसून ते पुन्हा सुरू केले. आधी रिकामी खोली शिकवली. सगळे बाहेर, पंखा चालू, पडदा बांधलेला. मग ईर्याला पलंगावर ठेवून ती एकटी. यंत्रानं विचारलं, बाळ शांत आहे का. मी दारातून तिच्या पोटाकडे बघत राहिले. चार-पाचदा भराभर, मग विचार, मग सुस्कारा. पडद्यावर तशीच वेडीवाकडी रेघ आली. माझ्या तळहाताच्या ओळखीची. मी हो दाबलं.

पुढची पायरी आली. ‘दुसरी व्यक्ती खोलीत येऊ दे. स्वस्थ बसू दे.’

“आत्या, या.”

“मी न्हाई.” स्वयंपाकघरातूनच.

“तुम्हीच.”

“तू बस की. आई तू हाईस.”

“मी परवापासून तंत्रनिकेतनात आहे. तिच्याजवळ तुम्ही असणार. मग कुणाचा श्वास शिकवू त्याला?”

भांड्यांचा आवाज थांबला. आत्या दारात आल्या. हात कोरडे होते, तरी पदराला पुसत होत्या.

“शीतल काय म्हणंल?”

“त्याला रेघ जात नाही आता. मी सांगेन ते त्याला कळणार.”

“अन् माझ्यानं परत काय बिघडलं म्हंजे?”

“पाय लांब करून बसा, अंगठ्याला काही बांधू नका, झालं,” मी म्हणाले. माझ्याही नकळत ते बाहेर पडलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं आता रडतील. पण त्या फक्त “हॅत् मेले” म्हणाल्या आणि उंबरा ओलांडला.

पलंगाच्या कडेला बसल्या. हात मांडीत, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारख्या. ईर्या झोपेत ओठ चोखत होती. आत्या तिच्याकडे बघत होत्या, पण तिच्या अंगाला स्पर्श होणार नाही अशा बेतानं.

मी फोन उचलला. ईर्याची रेघ होती. दुसरी नव्हती. मी थांबले. खिडकीतला डबा बघितला, दिवा लुकलुकत होता. भिंतीवरचा बघितला. पडद्यावर आलं, ‘दुसरी व्यक्ती आढळली नाही.’

परत सुरू केलं. परत तेच. एकच रेघ. मला वाटलं चॅनेल बदलावा, पंख्याचा वेग कमी करून बघावा. स्टूल ओढायला मी वळले आणि माझं लक्ष आत्यांच्या चेहऱ्याकडे गेलं.

डोळे गच्च मिटलेले. ओठ आत ओढून घेतलेले. चेहरा लालबुंद, मानेची शीर फुगलेली. छाती दगडासारखी स्थिर.

“आत्या,” मी म्हणाले, “श्वास घ्या.”

त्यांनी मान हलवली. नाही.

“आत्या, अहो घ्या!”

“तिची रेघ बिघडंल,” दाबलेल्या ओठांतून त्या कशाबशा म्हणाल्या.

मी फोन पलंगावर टाकला, त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात उचलून ईर्याच्या पोटावर ठेवला.

“नाही बिघडत. घ्या.”